वाकडा बांबू

हैबती पिसाळ पहिल्यांदा मेला तेव्हा मी जेवत होतो.

दारात रामजीआबा येऊन उभे राहिले. आबा म्हणजे आमच्या वाडीतलं सगळ्यात जुनं खोड. ते कुणाच्या दारात येऊन नुसते उभे राहिले, तंबाखूही मागेनात, की घरच्यांना घास गिळवायचा नाही. मी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"कोण?" मी विचारलं.

"हैबती."

मला आधी हसू आलं. हैबती मरणाऱ्यातला नव्हताच. भर पुरात कृष्णेत उडी टाकून पलीकडच्या काठावरचं मक्याचं कणीस आणणारा, बैलाच्या शिंगाला टोपी अडकवून त्याच्याकडे पाठ करून बिडी ओढणारा माणूस. सकाळी विहिरीवरून घागर आणली, ओट्यावर ठेवली आणि घागरीशेजारी स्वतःच आडवा झाला, असं आबा म्हणाले. नाकाशी कापूस धरून बघितला. हलला नाही. डॉक्टरला आणायला सायकल गेली होती, पण ती नदीपलीकडून वळसा घेऊन यायची, आणि वैशाखाचं ऊन कुणासाठी थांबत नाही.

मी हात धुतला, कोयता घेतला आणि निघालो.

वाडीत काहीही बांधायचं असलं की मला बोलवत. लग्नाचा मांडव मी बांधायचो, वेलाचा मांडव मी बांधायचो आणि तिरडीही मीच बांधायचो. हात तेच, बांबू तेच, सुंभ तेच. फरक एवढाच, की मांडवाची गाठ सुटती मारायची आणि तिरडीची मारायची ती पक्की. ती पुन्हा हातानं सोडायची नाही, नदीवर गेल्यावर कोयत्यानं तोडायची. हे मला माझ्या बापानं शिकवलं होतं आणि त्याला त्याच्या. बाकी वाडीत माझी ओळख थापाड्या दौलू अशी होती. कृष्णेत नथ घातलेला मासा मी पाहिलाय, असं मी एकदा सांगितलं होतं, तेव्हापासून. मासा मी पाहिला होता. नथीबद्दल थोडं वाढवून सांगितलं असेल.

ओढ्याच्या बेटातून दोन ओले बांबू तोडून आणले. हैबतीच्या अंगणात बसून कामट्या फोडल्या. दार उघडंच होतं. आत हैबतीला उताणा निजवला होता आणि उशाशी त्याची बायको, अनसावहिनी, बसली होती. बाया भिंतीला टेकून रडत होत्या. वहिनी रडत नव्हती. ती त्याच्या कानावर वाकली होती, पदर दोघांच्या तोंडावर आला होता, आणि पदराआड तिचे ओठ हलत होते. आवाज काही बाहेर येत नव्हता. देवाचं नाव घेत असेल, असं मला वाटलं. मी सुंभ भिजत घातला.

बांबू मांडले, कामट्या आडव्या टाकल्या, एकेक गाठ आवळत गेलो. पुरुषमाणसं बाजूला उभी राहून हैबतीचं चांगलं चांगलं बोलत होती, म्हणजे त्याला ओळखत नसल्यासारखं. शेवटची गाठ राहिली होती. मी सुंभ दातात धरला, आणि आतून आवाज आला,

"दौलू, उजव्या अंगाचा बांबू वाकडा हाय."

मी वर बघितलं. हैबती बसला होता.

पुढचं मी पाहिलं ते असं. बाया मागच्या दारानं गेल्या, पुरुष पुढच्या दारानं गेले, आणि रामजीआबा, ज्यांना काठीशिवाय चालता येत नव्हतं, ते काठी तिथंच टाकून पळाले. अंगणात मी एकटा उरलो, तोंडात सुंभ. आणि आत अनसावहिनी, जागची न हललेली. तिनं पदर सारखा केला, उठली, चुलीकडं गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

संध्याकाळी फलटणहून हैबतीची लेक शेवंता वेशीपासून गळा काढत आली. बाप ओट्यावर बशीतून चहा पीत बसलेला. तिनं आधी त्याचे पाय धरले आणि मग, एवढ्या उन्हातून उगाच धावायला लावलं म्हणून, त्याला असं काही झापलं की त्यापेक्षा मरण बरं असं त्याला वाटलं असावं.

प्रश्न राहिला तिरडीचा.

हैबतीच्या अंगणात ती तशीच पडलेली, मोकळी. जाळायची म्हणावं तर आमच्यात बांबू जाळत नाहीत, वंशाला बरं नसतं म्हणतात. नदीत सोडायची, तर खाली कुणाच्या घाटाला लागेल सांगता येत नाही, आणि सकाळी पाणी भरायला आलेल्या बाईनं काय समजायचं. आबांचं म्हणणं पडलं की सरपंचानं ठरवावं. सरपंच म्हणाले, ह्यात सरपंचाचा काय संबंध. मी म्हणालो, कोयता आहे, इथंच तोडतो. तर आबा म्हणाले, नदीवर तोडायची गाठ अंगणात तोडली तर अंगणाची नदी होते.

"माझी हाय ना?" हैबती म्हणाला. "मग मी बघतो."

तो खाली बसला आणि त्यानं गाठी सोडायला घेतल्या. मी म्हणालो, हैबती, ही गाठ हातानं सोडायची नसते. त्यानं माझ्याकडं बघितलं, हसला आणि एक गाठ सुटेना ती दातानं सोडली. सगळा सुंभ सुटून पडला, तो वहिनीनं गोळा केला, त्याची नीट गुंडी केली आणि आतल्या खुंटीला लावली. तिनं तो टाकला का नाही, हे मी त्या दिवशी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हैबतीनं घरामागच्या परड्यात त्याच बांबूंचा मांडव उभा केला आणि त्यावर घोसाळी सोडली. न्हाणीचं पाणी तिकडंच जायचं. वाकडा बांबू त्यानं मुद्दाम पुढच्या कोपऱ्यावर रोवला, आल्यागेल्याला दिसावा म्हणून. "ही माझी पालखी," तो सांगायचा. "भोई पळाले म्हणून राहिली."

घोसाळी अशी लागली की पानं दिसेनात. पण वाडीत ती भाजी कुणी घेईना. अनसावहिनी त्या मांडवाखाली जाईना. धुणं वाळत घालायचं तरी परड्याला वळसा घालून जायची. घोसाळी हैबती तोडायचा आणि भाजी वहिनी करायची, पण स्वतः खायची नाही, आणि त्यालाही वाढायची नाही. ती सगळी माझ्याकडं यायची. भाजी चांगली असायची. मला सांगायला काय जातंय.

पुढच्या शिमग्यानंतरची गोष्ट. भर दुपारी हैबती माझ्या घरी आला. तो कधी कुणाला हाक न मारता आत यायचा, त्या दिवशी दाराबाहेर थांबला.

"दौलू, जरा परड्यात चल."

मी गेलो. दुपारच्या वेळी परड्यात चिटपाखरू नव्हतं. उन्हाळी वेलाला पिवळीजर्द फुलं आली होती आणि मांडवाखाली हिरवा काळोख होता. हैबतीनं मला पुढच्या कोपऱ्यावर नेलं, वाकड्या बांबूपाशी, आणि बोटानं खूण केली. मी कान लावला.

आत कुणीतरी गुणगुणत होतं.

भिंतीपलीकडं बाई दळता दळता पुटपुटते ना, शब्द कळत नाहीत, पण ती काहीतरी सांगते आहे हे कळतं, तसं. मध्येच थांबायचं. आपण कान काढावा तर पुन्हा सुरू. बांबू गालाला थरथरत लागत होता, जित्या जनावरासारखा.

मग खाली बघितलं. बांबूच्या बुडाशी पिवळट भुशाची बारीक रांगोळी पडली होती. वर छातीच्या उंचीला, पेराच्या जरा खाली, गोल भोक. चार आण्यांची पावली आत जाईल एवढं आणि सुताराच्या गिरमिटानं पाडावं तसं गुळगुळीत. बघता बघता वेलातून एक भुंगा आला, अंगठ्याएवढा, काळाकुट्ट, पंखांना निळी झाक. पिवळ्या फुलात लोळून आला होता, अंगभर हळद. भोकाशी थोडा घुटमळला आणि आत शिरला. गुणगुण सुरू झाली.

"अरे भुंगा हाय," मी म्हणालो, आणि सुटलो असं वाटलं. "घर करतोय. वाळला बांबू दिसला की कोरतात. आत खण पाडतात आणि एकेका खणात अंडं घालतात. माझ्या छपराचा अख्खा वासा खाल्लाय ह्यांनी."

"ठाव हाय मला भुंगा," हैबती म्हणाला. तो हसत नव्हता. त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला भुसा लागला होता. म्हणजे हा आजच नव्हता आला इथं. "भुंगा हाय हे मला दिसतंय. पर मी ह्यो आवाज आधी ऐकलाय."

"कवा?"

"पडलो हुतो तवा."

मग त्यानं मला ते सांगितलं. वर्षभर सगळी वाडी त्याला विचारत होती, मेल्यावर काय दिसलं, आणि तो रोज नवं काहीतरी ठोकून द्यायचा, यमाच्या रेड्याला शिंगं नाहीत वगैरे. मलाही मागं टाकलं होतं त्यानं. त्या दुपारी मात्र तो हळू बोलला. अंधार नव्हता, म्हणाला. कुणी न्यायलाही आलं नव्हतं. सगळीकडं पिवळं होतं, डोळे मिटून उन्हाकडं तोंड केल्यावर दिसतं तसं. भूक नाही, दुखणं नाही. परत यावं असंही काही वाटत नव्हतं. फक्त उजव्या कानाशी हे होतं. हीच गुणगुण. थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. काहीतरी सांगत होती आणि शब्द लागत नव्हते. काय म्हणतंय ते तरी ऐकू, म्हणून तो जरासा वळला, आणि बघतो तर मी तोंडात सुंभ धरून बसलेलो.

"तवा ऐकाचं ऱ्हायलं," तो म्हणाला. "आता त्येच परत आलंय. माझ्याच बांबूत. मला न्यायला आलं असंल तर येऊ दे. पर काय म्हनतंय ते कळाय पायजे."

त्या दिवसापासून हैबतीचं घर सुटलं. सकाळी तो मांडवाखाली जाऊन बसायचा, बांबूला कान लावून, डोळे मिटून. शेत वाटेकऱ्यावर पडलं. भाकरी नेऊन दिली तर मुंग्या खायच्या. अंगावरचं मांस उतरत चाललं. वाडीतली माणसं आधी कुंपणावरून बघून हसायची, मग हसेनात, मग त्या रस्त्यानं जाईनात. बांबू आपला माणूस मागतोय, असं आबा म्हणाले, आणि आबा म्हणाले म्हणजे वाडी म्हणाली.

मी एकदा कोयता घेऊन गेलो. म्हटलं, हैबती, बाजूला हो, हा फोडतो, आत काय आहे ते तुझ्या डोळ्यानं बघ. भुंगीण, अंडी आणि फुलांची पिवळी पूड, ह्याशिवाय काही निघालं तर माझं नाव बदल. मला वाटलं तो अडवेल. पण तो उठला. त्याच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की कोयता माझ्याच हातात जड झाला.

"फोड," तो म्हणाला. "आत असंल तर दिसंल तरी."

मी कोयता उगारला आणि मागून आवाज आला.

"भावजी, त्या बांबूला हात लावू नका."

अनसावहिनी मांडवाखाली उभी होती. वर्षभरात पहिल्यांदा. वेलातून पडलेल्या उजेडात तिचा चेहरा फुलांसारखाच पिवळा दिसला, आणि मला पहिल्यांदाच कळलं की बारीक काही एकटा हैबती होत नव्हता.

"पिल्लं असतील आत," ती हैबतीकडं बघून म्हणाली. "लेकुरवाळीचं घर फोडू न्हाई."

हैबती गुमान खाली बसला आणि पुन्हा कान लावला. वहिनीनं मला डोळ्यानं खुणावलं. मी तिच्या मागोमाग घरात गेलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकली, म्हणजे बोलताना तिला परडं दिसत राहील.

"ते काय ऐकत्यात, मला ठाव हाय," ती म्हणाली.

मी तांब्या उचलला.

"त्या दिवशी त्यांच्या कानाशी मीच हुते. बाया मला म्हणत हुत्या, रड, मोकळी हो. मला रडू येत नव्हतं. मी बोलत हुते. त्यांच्याशी न्हवं. ज्यो न्यायला आला असंल त्याच्याशी." ती थांबली. "म्हणलं, ह्यांचं राहिलेलं मला दे आणि माझं राहिलेलं ह्यांना दे. सारखं तेच म्हणत हुते, घास गिळल्यागत. तर ते उठून बसले."

बाहेरची गुणगुण घरात येत नव्हती, पण मला ती येते आहे असं वाटत राहिलं.

"वहिनी, असं काय नसतं," मी म्हणालो.

"नसंल. पर मी बोलले ते बोलले. तिरडी माझी हाय, भावजी. ते आपली आपली म्हणून मिरवत्यात. तिच्यावरची भाजी मी कशी खाऊ, आणि त्यांना तरी कशी घालू?" तिनं खुंटीवरची सुंभाची गुंडी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. वर्षाचा धुरळाही नव्हता त्यावर; झटकत असली पाहिजे. "जास्त दिवस न्हाईत. मला आतनं कळतंय. तेच बांबू, ह्योच सुंभ. दुसरा आणू नका. आणि त्यांना कळू देऊ नका. त्यांना कळलं तर ते आणलेला जीव टाकून देतील, माझं बोललेलं फुकट जाईल."

तिला आधीपासून काही दुखत होतं का, ते मला आजही ठाऊक नाही. तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिला एवढंच विचारलं, की अख्खी वाडी सोडून हे मला का सांगितलंस.

तेव्हा ती जराशी हसली. "तुम्ही बाहेर सांगितलंत तरी कोण खरं मानणार हाय?"

वैशाखातच गेली ती. पहाटे उठून सडा टाकला, चूल पेटवली आणि चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडली. ह्या वेळी डॉक्टर आला, बघून गेला. रामजीआबांनी त्यावरही, स्वतःचं समाधान व्हावं म्हणून, नाकाशी कापूस धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. कापूस हलला नाही.

मी आधी हैबतीच्या घरी गेलोच नाही. मागच्या बाजूनं परड्यात गेलो आणि मांडवाचे खांब उपटायला लागलो. वेल फुलांसकट माझ्या अंगावर आला. एक बांबू निघाला. वाकड्याला हात घातला, तर आत गुणगुण चालूच होती, आणि पलीकडं हैबती बांबू धरून उभा.

"त्यो नको," तो म्हणाला. "त्यो माझा हाय. ओढ्याला बेट हाय की, नवीन आण."

मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण त्या क्षणी मला एकसुद्धा आठवेना. शेवटी म्हणालो, "ओढ्याला बांबू न्हाई."

ते बेट त्याच्या मागं दिसत होतं. उभ्याच्या उभं, वाऱ्यावर हलत होतं. कुंपणाशी आबा आणि इतर माणसं येऊन थांबली होती. माझ्या एवढ्या उघड्या थापेला कुणी हसलं नाही. हैबती मागं वळला, बेटाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या खांद्यावर त्या सुंभाची गुंडी होती. ती त्यानं ओळखली. कितीतरी वेळ तो तिच्याकडंच बघत राहिला आणि मग बांबूवरचा हात काढून घेतला.

मी तिरडी बांधली. भोकाच्या जागी गाठ येणार नाही अशी बांधली. गाठी आवळताना भुंगीण एकदा बाहेर आली, माझ्या हातांवरून घिरटी घालून परत आत गेली. कुणी तिला हाकललं नाही.

शेवंता आली. वेशीपासून गळा काढत नाही आली ह्या वेळी. तिला वाटत होतं, मागच्यासारखंच होईल. दारात आली, आईला बघितलं, बापाकडं बघितलं, आणि मग तिचा आवाज फुटला.

उचलायच्या वेळी हैबती उजव्या अंगाला पुढं लागला. वाकडा बांबू त्याच्या खांद्यावर, भोक कानाशी. मी त्याच्या मागं होतो. वाडीपासून नदीपर्यंतची वाट उतरणीची आहे, धुळीत पाय रुततात, कुणी बोलत नव्हतं. मला त्याचं मागचं डोकं तेवढं दिसत होतं. ते हळूहळू बांबूकडं कलत गेलं आणि गाल बांबूला टेकला.

अर्ध्या वाटेवर, चिंचेखाली, विसावा आहे. तिथं तिरडी टेकवायची, खांदेकऱ्यांनी बाजू बदलायच्या, मागचे पुढं यायचे, आणि मग पुन्हा उचलायची, अशी रीत. तिरडी टेकवली. सगळे फिरले. हैबती हलला नाही. बांबूशी वाकून बसून राहिला. आबा म्हणाले, हैबती, बाजू बदल बाबा. त्याला ऐकू गेलं नसावं. मी जवळ गेलो.

"दौलू," तो म्हणाला, इतक्या हळू की मला वाकावं लागलं. "बांबू नव्हता."

"काय?"

"त्या दिवशी. बांबू नव्हता, भुंगा नव्हता. ही हुती." त्यानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. पदर तोच होता, जो त्या दिवशी दोघांच्या तोंडावर आला होता. "हीच बडबडत हुती."

"शब्द लागले?" मी विचारलं.

"लागले."

त्यानं मान वर केली. "तुला ठाव हुतं?"

"मला काय ठाव असनार," मी म्हणालो. "मी थापाड्या मानूस."

त्यानं बाजू बदलली नाही. तीच बाजू धरून नदीपर्यंत गेला.

काठावर गाठी कोयत्यानं तोडल्या. आमच्यात बांबू काढून घेतात आणि मोडून पाण्याच्या कडेला टाकतात. सरळ बांबू मी गुडघ्याखाली घालून मोडला. वाकडा उचलला, तर हैबतीनं माझा हात धरला. पिल्लं आहेत आत, म्हणाला. नेलेला बांबू घरी परत न्यायचा नसतो, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून त्यानं तो तिथंच, पूर चढतो त्याच्या वरच्या अंगाला, वाळूत खोल रोवला. चिता पेटली तेव्हा तो तिच्याकडं तोंड करून उभा होता आणि हात मागं त्या बांबूवर होता.

ती म्हणाली होती तसं काही झालं नाही. हैबतीनं जीव टाकला नाही. उलट झालं. पुरात उड्या टाकणारा हैबती दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसा स्वतःला सांभाळायला लागला. पावलाएवढ्या पाण्यातून जायचं तरी काठी आधी टेकवून बघायचा. वैशाखात कानाला मफलर. बैल दिसला की रस्ता सोडायचा. जरा शिंक आली की डॉक्टरकडं. वाडीतली नवी पोरं त्याला भित्रा म्हातारा म्हणायची, आणि त्याच्या जुन्या गोष्टी मी त्यांना सांगितल्या तर म्हणायची, दौलूतात्या, जास्त होतंय. तो पोरांना काही बोलायचा नाही. पथ्यानं जेवायचा, वेळेवर निजायचा आणि रोज दुपारी नदीवर जाऊन त्या बांबूपाशी बसून यायचा. पावसाळ्यात आत काही वाजत नसायचं. तरी जायचा.

परड्यात त्यानं पुन्हा घोसाळी लावली, माझ्याकडून नव्या बांबूंचा मांडव बांधून घेऊन. ती भाजी तो खायचा. मला एकही द्यायचा नाही.

खूप जगला. आबा गेले, सरपंच गेले, शेवंताच्या लेकींची लग्नं झाली, तरी हैबती होताच. मग एका दुपारी नदीवरून आला, मफलर काढून खुंटीला लावला, आणि निजला तो उठला नाही.

मला बोलवायला एक पोरगा आला. मी जेवत नव्हतो. हल्ली त्या वेळेला मी जेवत नाही. कोयता घेतला, ओढ्यावर गेलो, बेटातून दोन बांबू निवडले. एक सरळ घेतला. दुसरा बघून बघून वाकडा घेतला.

अंगणात बसून कामट्या टाकल्या आणि एकेक गाठ आवळत गेलो. म्हातारे हात, वेळ लागला. वाकडा बांबू उजव्या अंगाला घेतला होता. लोकांना तो दिसत होता, पण म्हाताऱ्या दौलूला आता दिसत नाही, असं समजून कुणी काही बोललं नाही. शेवटची गाठ राहिली. मी सुंभ दातात धरला आणि थांबलो.

दार उघडंच होतं. आत तो उताणा निजला होता. मी कान देऊन बसलो. परड्यातला मांडव वाऱ्यानं करकरत होता, बायांचं हळू रडणं येत होतं. "तात्या, काय झालं?" कुणीतरी विचारलं. मी हातानं त्याला गप्प राहायला सांगितलं.

बराच वेळ मी तसाच होतो.

मग गाठ मारली.